कडू लागलं का?

रफू उत्तम झाला की दिसत नाही. त्यामुळे रफू करणाऱ्याने आयुष्यभर काय केले, हे दाखवायला मागे काही उरत नाही. बाजाराच्या मागच्या गल्लीतल्या अरुंद दुकानात खिडकीशी बसणाऱ्या त्या बाईंनी किती कोट, किती शाली, किती स्वेटर सांधले याची मोजदाद कुणीच ठेवली नाही. ज्यांच्या अंगावर ते कपडे होते, त्यांनाही भोक नेमके कुठे होते ते पुढे आठवत नसे. गल्ली त्यांना रफूआत्या म्हणे. दुकानात मात्र त्यांना एकच हाक होती, ‘वन्सं’, आणि ती मारणारी एकच व्यक्ती होती, त्यांची भावजय. त्या भावजयीला वन्सं ‘वहिनी’ म्हणत. एका छपराखाली सगळी हयात गेली, तरी दोघींच्या बोलण्यातले ‘अहो’ कधी सुटले नाही, आणि भांडतानाही त्या एकमेकींना मानानेच बोल लावत.

दुकान मूळचे भावाचे. तो शिंपी होता. मशीनवर भाऊ, खिडकीशी बहीण आणि इस्त्रीपाशी बायको, अशी त्या तिघांची वाटणी होती. भाऊ गेला तेव्हा मशीनवर कापडी झाकण पडले ते पुन्हा निघाले नाही. आता नणंद-भावजयीचे कसे पटणार, यावर गल्लीने बरीच चर्चा केली. गल्लीचा अंदाज चुकला. दोघी रोज भांडत आणि रोज एकाच ताटलीत फळ कापून खात.

वन्संनी लग्न केले नव्हते. का नाही, याची कारणे लोक निरनिराळी सांगत. त्या स्वतः एकच सांगत, “अहो, मला लहान भोकंच झेपतात. एवढं मोठं कोण सांधत बसणार?”

काम त्यांच्या हातात होते खरे, पण ते सगळे डोळ्यांवर उभे होते. कपड्याच्या आतल्या शिवणीतून, जिथे कुणी पाहत नाही तिथून, त्या एकेक धागा उपसून काढीत. मग भोकावर आधी उभे धागे ताणायचे आणि त्यांतून आडवा धागा खालून-वरून न्यायचा, मूळच्या विणीशी गाठ घालून. धाग्याची एक उडी चुकली की डाग पडल्यासारखे दिसते. दिव्याच्या उजेडात हे काम त्या करीत नसत. दिवा रंगात खोट घालतो, असे त्यांचे म्हणणे होते. खिडकीतला उजेड उतरला की त्या सुई डब्यात ठेवून म्हणत, “उजेड गेला. आवरा आता.” मग समोर गिऱ्हाईक उभे असो नाहीतर आग लागलेली असो, दुकान बंद.

त्या डब्यात सुया होत्या, कात्री होती, खडू होता, बोटात घालायची पितळी टोपी होती आणि डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक बाटली होती.

ती बाटली कशी आली ते सांगायला हवे. काही वर्षांपूर्वी वन्संना बाजूचे दिसेनासे झाले. डावीकडे ठेवलेली कात्री त्या शोधत बसत आणि वहिनींवर आळ घेत. शेवटी वहिनींनी त्यांना ओढतच डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेले. काचबिंदू निघाला. डावा डोळा जवळजवळ गेलेलाच होता. उजव्यात मधला भाग शाबूत होता, आणि सुईच्या टोकाला तेवढा पुरत होता. डॉक्टरीणबाईंनी थेंब दिले. सकाळी एक, संध्याकाळी एक. थेंब टाकला की डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यावर बोट दाबून थोडा वेळ स्वस्थ बसायचे, असेही सांगितले होते. गेलेले परत येणार नाही, पण आहे ते या थेंबांवर टिकेल, हे वाक्य मात्र दोघींच्या मनात घर करून बसले.

बोट दाबण्याचा भाग पहिल्या आठवड्यातच गळाला. वन्संच्या मांडीवर कापड असे, एका हातात ताणलेले धागे असत. बोट कुठून आणणार? थेंब टाकण्याचे काम वहिनींनी घेतले. त्या इस्त्री बाजूला ठेवून येत, वन्संचे डोके मागे कलवत आणि थेंब सोडत. पण थेंब आत गेला की गालावर ओघळला, हे कळणार कसे? वन्संना लवकरच एक खूण सापडली. थेंब नीट गेला की थोड्याच वेळात घशात कडू चव उतरे.

“कडू लागलं का?” वहिनी विचारत.

“लागलं,” वन्सं म्हणाल्या की बाटली डब्यात जाई. “नाही” म्हणाल्या की दुसरा थेंब. कधी तिसराही. शिवाय काम फार बारीक असले, काळ्यावर काळा धागा चालवायचा असला, की वन्सं आपणहून म्हणत, “जरा टाका हो. डोळा मोकळा करून घेते.”

तो कडूपणा म्हणजे औषध डोळ्यातून नाकात, नाकातून घशात आणि तिथून रक्तात उतरल्याची खूण होती, हे दोघींना ठाऊक नव्हते. डोळ्यात राहायला हवे ते खाली उतरले की त्यांना समाधान वाटे. बाटली लवकर संपे, तेव्हा वहिनी कोपऱ्यावरून दुसरी आणीत. दुकानातली सुई मोडली की नवी आणावी तशी.

पुढे वन्सं मंदावल्या. आधी हात गार पडू लागले. मग मागच्या खोलीच्या दोन पायऱ्या चढताना त्या दाराची चौकट धरून उभ्या राहू लागल्या. कधी सुई हवेतच थांबे आणि वन्सं समोर बघत राहत.

“वन्सं, ध्यान लावलंत की झोप लागली?”

“धागा विचार करतोय.”

“धागा की तुम्ही?”

“दोघं मिळून.”

वहिनी हसत. वय झाले, असे दोघींनी ठरवून टाकले होते. वयावर ढकलले की पुढे काही करावे लागत नाही.

ज्या दिवशी ते घडले, त्या दिवशी मांडीवर एका घड्याळजीचा काळा ओव्हरकोट होता. गिऱ्हाईक जुने, बोलायला तुसडे. छातीवरच्या घडीशी वाटाण्याएवढे भोक पडले होते. खिळ्याला अडकून फाटले, असे त्याने सांगितले. वन्संनी भोकाच्या काठावर नख फिरवले आणि म्हणाल्या, “खिळा विडी ओढत होता वाटतं.” घड्याळजी हसला नाही. कोट टेकवून निघून गेला.

काळ्यावर काळे काम. सकाळचा थेंब झाला होता, कोट हातात घेताना आणखी एक झाला, आणि कडू लागले नाही म्हणून त्याच्यावर एक. दुपारी वहिनी एका पँटला इस्त्री करीत होत्या. मागे काही पडल्याचा आवाज झाला नाही. वन्सं खुर्चीत बसल्या बसल्या एका बाजूला कलल्या होत्या. सुई कोटापासून धाग्याने लोंबत होती. चेहरा मेणासारखा, ओठ पांढुरके, कपाळावर घाम.

“वन्सं! अहो वन्सं!”

डोळे उघडले, मिटले. “जरा… थांबा,” एवढेच त्या म्हणाल्या. वहिनी त्यांच्याकडे धावल्या. इस्त्री पँटवर तशीच राहिली. जळका वास सुटला, त्या वासाने शेजारचा चप्पलवाला धावून आला, आणि त्यानेच रुग्णवाहिका बोलावली.

रुग्णवाहिकेतल्या बाईने वन्संचे मनगट धरले. वहिनी तिच्या तोंडाकडे पाहत होत्या. ती बाई वाट पाहत होती. नाडीचा एक ठोका लागला, आणि मग इतका वेळ काहीच नाही, की वहिनींनीच श्वास धरला. मग दुसरा.

“नाडी फार हळू आहे,” बाई म्हणाली. छातीला तारा चिकटल्या, कागदाची पट्टी निघाली, हाताच्या शिरेत सुई गेली. नाडी वाढवण्याचे इंजेक्शन दिले. ठोके जरा जवळ आले, ओठांवर रंग चढला, वहिनींचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच ठोके पुन्हा लांब लांब पडू लागले. दुसऱ्या इंजेक्शनने तेवढेही झाले नाही.

इस्पितळात वन्संना सरळ आत नेले. तरुण डॉक्टर होता. हात भराभर चालत होते, पण आवाज शांत होता. त्याने वहिनींना विचारले, “यांना कुठल्या गोळ्या चालू आहेत? रक्तदाबाची? हृदयाची? झोपेची?”

“गोळी म्हटलं की तोंड फिरवतात. डोकं दुखलं तरी घेत नाहीत.”

“कुठलंच औषध नाही?”

“नाही हो.”

वहिनींनी खोटे सांगितले नव्हते. त्यांना डोळ्यांसमोर घरातला औषधांचा खण दिसला, आणि तो खरोखरच रिकामा होता. बाटली सुयांच्या डब्यात होती.

“इंजेक्शनला हृदय दाद देत नाहीये,” डॉक्टर म्हणाला. “बाहेरून ठोके द्यावे लागतील. बघायला बरं वाटणार नाही. तुम्ही बाहेर थांबलात तरी चालेल.”

वहिनी थांबल्या आतच. वन्संच्या छातीवर एक आणि पाठीवर एक अशा रुंद चिकटपट्ट्या लावल्या. यंत्र सुरू झाले, आणि प्रत्येक ठोक्याला वन्संचा खांदा झटका खाऊन उचलू लागला. ताणलेला धागा कुणी मागून ओढावा तसा. झोपेचे औषध देईपर्यंत त्या कण्हत होत्या. डॉक्टर यंत्राकडे बघतच नव्हता. त्याने दोन बोटे वन्संच्या जांघेत दाबून धरली होती. यंत्राने दिलेला प्रत्येक ठोका हृदय खरोखर घेते आहे की नुसती कातडी हलते आहे, ते तो पाहत होता. वीज थोडी वाढवली. मग त्याने मान हलवली. “घेतंय.”

पुढे मानेतल्या शिरेतून एक बारीक तार हृदयापर्यंत सरकवली आणि पट्ट्यांचे झटके थांबले. उशाशी एक छोटे यंत्र लटकले. त्यावर दोन दिवे होते. यंत्राने ठोका दिला की एक लुकलुके, हृदयाने आपला आपण दिला की दुसरा. परिचारिकेने वहिनींना ते समजावून सांगितले आणि तिथून वहिनींना दुसरा उद्योग उरला नाही. त्या दिवे पाहत बसल्या.

“हृदय स्वतःहून सावरलं तर तार काढू,” डॉक्टर म्हणाला. “नाही सावरलं तर छातीत कायमचं यंत्र बसवावं लागेल.”

दुसऱ्या दिवशी सकाळी हृदयाचा दिवा अधूनमधून लुकलुकू लागला. मग बराच वेळ तोच. वन्सं शुद्धीवर होत्या, मान हलवायची मनाई होती, म्हणून छताकडे बघत बोलत होत्या.

“कोट?”

“जागच्या जागी आहे.”

“सुई लोंबती ठेवलीत?”

“तुम्हाला सावरू की सुईला?”

“पँट कुणाची जळली?”

“सांगते नंतर. आधी बरं व्हा, मग ओरडा.”

वन्सं थोडे हसल्या. मग म्हणाल्या, “वहिनी, डोळ्यात कालपासून काही पडलं नाही. जड झालाय. हाही गेला तर मी नुसती खुर्ची अडवणार.”

इतक्या धांदलीत वहिनी डोळा विसरल्या होत्या. आहे ते या थेंबांवर टिकेल, असे डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. त्या तशाच दुकानात गेल्या, सुयांचा डबाच उचलून पिशवीत घातला आणि भेटीच्या वेळेला परत आल्या. परिचारिका पलीकडच्या खाटेशी होती. वहिनींनी लपवले असे नाही. त्यात विचारण्यासारखे काही आहे असे त्यांना वाटलेच नाही.

“कडू लागलं का?”

“नाही.”

“आता?”

“हां. लागलं.”

दुपार उतरता उतरता हृदयाचा दिवा विझला आणि यंत्राचा लुकलुकू लागला. डॉक्टरांनी पट्टी पाहिली आणि ते आपसांत बोलले. हृदयातली ठोका वाहून नेणारी वाट आतूनच झिजली असावी, असे ठरले. कायमच्या यंत्राची तयारी सुरू झाली. वहिनी इस्पितळाच्या जिन्यात बसून रडल्या आणि मग तोंड धुऊन, थेंब टाकायला वर गेल्या.

पुढच्या सकाळी हृदय पुन्हा थोडे वर आले होते. वहिनींनी डबा उघडला. “कडू लागलं का?” हे शब्द या वेळी परिचारिकेच्या कानांवर पडले.

“काय कडू?” ती जवळ आली. “काय टाकताय?”

“डोळ्यातले थेंब. नेहमीचे.”

परिचारिकेने बाटली हातात घेतली, लेबल वाचले, यंत्राकडे पाहिले आणि थेट डॉक्टरला घेऊन आली. त्याने बाटली उजेडाकडे धरली.

“ही कधीपासून चालू आहे?”

वहिनींनी सांगितले. किती वेळा, तेही सांगितले. कडू लागण्याची खूणही मोठ्या विश्वासाने सांगितली. डॉक्टरचा चेहरा पाहता पाहता त्यांचा आवाज बारीक होत गेला.

“हे औषध डोळ्यातला दाब उतरवतं,” तो म्हणाला. “पण घशातून रक्तात गेलं की हृदयालाही हळू करतं. एखाद्याच्या हृदयाला फारच.”

“डोळ्यातलं? छातीपर्यंत?”

“कडू लागतं ना, त्याच वाटेनं.”

वहिनी खाटेच्या कडेला बसल्या. “मग मी… रोज…”

“ही औषधांबरोबर का ठेवली नाहीत?”

“औषध वाटलं असतं तर ठेवली असती,” वहिनी म्हणाल्या.

डॉक्टरने बाटलीचे झाकण फिरवून घट्ट लावले. “मी गोळ्या विचारल्या,” तो म्हणाला. “डोळ्यांचं विचारायला हवं होतं.” बाटली तो घेऊन गेला.

कायमच्या यंत्राचा बेत थांबला. हळूहळू हृदयाचा दिवा एकटाच लुकलुकू लागला आणि यंत्र नुसते पहारा देत राहिले. शेवटी मानेतली तार काढली. ज्यांना ही हकीकत ऐकीव माहीत आहे ते इथेच थांबतात आणि म्हणतात, बाई थोडक्यात बचावली. ते खरे आहे. पण बाईंचे काय म्हणणे होते, ते त्यांनी ऐकलेले नाही.

तार काढली त्या दिवशी वन्सं डॉक्टरला म्हणाल्या, “ते यंत्र बसवाच छातीत. आणि माझी बाटली मला परत द्या.”

“आजी, तुमचं हृदय आता नीट चालतंय.”

“चालू दे की. पण ते काय कामाचं? मी डोळ्यांनी काम करते.”

“चांगल्या हृदयात मी तार कशी घालू?”

“चांगलं आहे तर थोडं हळू चाललं तरी चालेल त्याला. मला कुठं पळायचंय?”

हे त्या हसत म्हणाल्या, पण त्यांची मूठ चादरीवर आवळलेली वहिनींनी पाहिली. डॉक्टर हसला नाही. डोळ्यांसाठी दुसरे थेंब आहेत, शस्त्रक्रिया आहे, डॉक्टरीणबाईंशी बोलतो, असे म्हणाला, आणि बोललाही. कुणी हयगय केली, असे म्हणता येत नाही. दुसरे थेंब आले. त्यांनी डोळा लाल झाला, पण दाब हवा तेवढा उतरला नाही. शस्त्रक्रिया झाली. दाब उतरला, तोवर मधला भागही खाल्ला गेला होता आणि सुईचे टोक दिसेनासे झाले होते. गेलेले परत येत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

गल्लीत पुढे दोन गोष्टी पसरल्या. इस्पितळाने आत्यांचे डोळे घालवले, ही एक. दुसरी वहिनींविषयी होती, आणि ती इथे लिहिण्याच्या लायकीची नाही. दोन्ही खऱ्या नाहीत. दोघींपैकी कुणी त्या खोडायला गेले नाही. वहिनींच्या मनात मात्र तिसरी गोष्ट होती आणि ती खरी होती. ज्या हाताने त्या डोळा वाचवीत होत्या, तोच हात दिवसातून दोनदा हृदयावर दाबला जात होता. हे त्या एकदाच वन्संना बोलल्या.

“खूण मी शोधली होती,” वन्सं म्हणाल्या. “तुम्ही नुसतं विचारत होता. सगळं श्रेय तुम्हीच घ्यायचं नाही.”

ओव्हरकोट अर्धवटच राहिला होता. उभे धागे ताणलेले होते, आडवे थोडेच गेले होते. घड्याळजी दोनदा येऊन गेला. शेवटी वहिनींनी तो मांडीवर घेतला. वन्सं शेजारी बसून सांगत, खालून, वरून, आता दोन सोडा, आता वळा. वहिनींचा हात इस्त्रीचा. त्याला दाबायची सवय, उचलायची नाही. काम पुरे झाले तेव्हा छातीवर एक काळे, फुगीर ठिगळ उठून दिसत होते.

“दाखवा,” वन्सं म्हणाल्या. त्यांनी त्यावर नख फिरवले. एका जागी नख थांबले. “इथं धागा उलटा गेलाय.”

“उसवू?”

“नको.” वन्संनी कोट हळूच घडी करून परत दिला. “त्याला तरी किती टोचायचं!”

घड्याळजी आला. त्याने ठिगळ पाहिले, मग खुर्चीत समोर चेहरा करून बसलेल्या वन्संकडे पाहिले. तुसडा माणूस, गोड बोलणे त्याला जमत नसे.

“दिसतंय,” तो म्हणाला.

“दिसणारच,” वन्सं म्हणाल्या. “खिळ्याला सांगा, विडी सोड म्हणावं.”

या वेळी तो हसला. कोट त्याने तिथेच अंगात घातला, बटणे लावली आणि पायऱ्या उतरून गेला. त्याच्या पावलांचा आवाज गल्लीच्या वळणापर्यंत वन्सं ऐकत होत्या. मग त्यांनी मान खिडकीकडे वळवली. मांडीवरचा सुयांचा डबा त्यांनी चाचपला, झाकण लावले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, “उजेड गेला. आवरा आता.”

वहिनींनी खिडकीकडे पाहिले. दुपारचे ऊन काउंटरवरून सरकत येऊन वन्संच्या हातांवर पडले होते. समोर दोन गिऱ्हाइके उभी होती. वहिनींनी त्यांना खुणेनेच उद्या या म्हणून सांगितले.

“हो, आवरते,” त्या म्हणाल्या आणि खिडकीची दारे एकेक करून लावून घेतली.